फेरोइलेक्ट्रिक लूप मोजताना : पडद्यावर उमटली म्हणून खरी मानू नका

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास घडतं. बेरियम टायटनेट या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची (ज्याचं विद्युत ध्रुवीकरण बाहेरच्या विद्युतक्षेत्राने उलटवता येतं) पेलेट, म्हणजे भाजलेली चकती, भट्टीतून निघते, दोन्ही अंगांना सिल्व्हर पेस्ट लागते, आणि ऑसिलोस्कोपवर गुबगुबीत, गोल टोकांची लूप, म्हणजे क्षेत्राविरुद्ध ध्रुवीकरणाचा बंद वक्र, उमटते. लगेच फोटो, तोच रिपोर्टमध्ये. अशा गोल टोकांच्या लूपमध्ये बरेचदा फेरोइलेक्ट्रिकपणा कमी आणि गळती जास्त असते.

सॉयर आणि टॉवर यांनी 1930 मध्ये रोशेल सॉल्टसाठी वापरलेलं सर्किट साधं आहे. नमुन्याशी एक मोठा कॅपॅसिटर एकसर जोडायचा आणि त्यावर जमलेला विद्युतभार मोजायचा. पण हा भार डोमेन (एकाच दिशेने ध्रुवीकरण असलेले पदार्थातले छोटे भाग) उलटल्यामुळे आला की नमुन्यातून नुसता प्रवाह झिरपल्यामुळे, हे त्या कॅपॅसिटरला कसं कळणार? भौतिकशास्त्रज्ञ जे. एफ. स्कॉट यांनी 2008 मध्ये चक्क केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून अशीच लूप काढून दाखवली. आता केळं काही फेरोइलेक्ट्रिक नाही!

म्हणून आधी वारंवारता बदलून पाहा. 50 हर्ट्झवरून 5 हर्ट्झवर आलात की झिरपणाऱ्या प्रवाहाला प्रत्येक आवर्तनात दहापट वेळ मिळतो आणि गळतीची लूप फुगते. खरी लूप तशी फुगत नाही; उलट डोमेनना उलटायला सवड मिळाल्याने ती थोडी बारीकच होते. याहून चांगली कसोटी म्हणजे प्रवाहाचा आलेख. डोमेन उलटताना प्रवाहात स्पष्ट शिखर येतं आणि क्षेत्र पुढे वाढलं तरी प्रवाह उतरतो. गळतीचा प्रवाह मात्र क्षेत्राबरोबर चढतच जातो. एलसीआर मीटरवर (कॅपॅसिटन्स मोजणारं यंत्र) यातलं काही दिसत नाही, कारण तो नमुन्याला साधारण 1 व्होल्टच देतो. 1 मिमी जाडीवर 1 व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला 10 व्होल्ट, आणि डोमेन उलटायला लागतात काही हजार.

कॅपॅसिटर निवडताना होणारी चूक मला सर्वांत मजेशीर वाटते. खणात सापडलेला सिरॅमिक डिस्क कॅपॅसिटर लावला जातो. त्यातल्या पुष्कळांच्या पोटात बेरियम टायटनेटच असतं! म्हणजे पट्टी आणि कापड एकाच रबराचं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्मचाच घ्या. 10 मिमी व्यासाच्या पेलेटवर 8 मिमीचा इलेक्ट्रोड असेल आणि ध्रुवीकरण चौरस सेंटिमीटरला 10 मायक्रोकुलंब, तर 1 मायक्रोफॅरडवर साधारण 5 व्होल्ट येतात. 0.1 लावलात तर 50. शिवाय स्कोपचा 1 मेगाओहम या 1 मायक्रोफॅरडला सेकंदाभरात रिकामा करू पाहतो, म्हणून 1 हर्ट्झच्या आसपास लूप विनाकारण बिघडते. टेन-एक्स प्रोब वापरा, म्हणजे रोध दहापट होतो.

क्षेत्रफळ काढताना इलेक्ट्रोडचाच व्यास घ्या. वरच्या उदाहरणात पेलेटचा व्यास धरलात, तर ध्रुवीकरण तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलेलं दिसेल. काहीजण ही भानगड नको म्हणून पेस्ट काठापर्यंत फासतात. ते करू नका. सेंटिमीटरला 20 किलोव्होल्ट हवेत, तर 1 मिमीला 2000 व्होल्ट द्यावे लागतात आणि काठावरून ठिणगी उडते. कडेला मोकळी जागा ठेवा, पेलेट सिलिकॉन तेलात बुडवा.

तेलाचा आणखी एक उपयोग आहे : ते उष्णता वाहून नेतं. लूपने वेढलेलं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक आवर्तनात उष्णतेत गेलेली ऊर्जा. कोअर्सिव्ह क्षेत्र (ध्रुवीकरण शून्यावर आणणारं क्षेत्र) सेंटिमीटरला 5 किलोव्होल्ट आणि क्षेत्र काढल्यावर उरलेलं ध्रुवीकरण चौरस सेंटिमीटरला 8 मायक्रोकुलंब धरलं, तर 50 हर्ट्झवर घन सेंटिमीटरमागे सुमारे 8 वॉट होतात. उष्णता बाहेर पडली नाही तर पेलेट सेकंदाला दोन-अडीच अंशांनी तापते. बेरियम टायटनेटचं क्यूरी तापमान, ज्याच्यावर फेरोइलेक्ट्रिकपणा नाहीसा होतो, आहे सुमारे 120 अंश सेल्सिअस. सर्किट चालू ठेवून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत लूप आक्रसलेली दिसेल आणि उगाच पेलेटला दोष द्याल. मोजकी आवर्तनं द्या, नोंद घ्या, बंद करा.

पेलेट बदलण्याआधी मात्र ट्रान्सफॉर्मर बंद करून दोन्ही कॅपॅसिटर, म्हणजे पेलेटसुद्धा, इन्सुलेटेड दांड्याच्या तारेने शॉर्ट करा. फक्त स्विच बंद करून हात घालू नका.