हॉटेल काढताय? आधी वजनकाटा आणा

नवीन खानावळ काढणारे माझ्याकडे येतात ते मिसळीच्या कटाचं प्रमाण विचारायला. कचऱ्याचं कोणीच विचारत नाही. मग पहिला रविवार दणक्यात होतो आणि सोमवारी सकाळी फोन येतो, "काकू, गाडीवाला ड्रम उचलत नाहीये." उचलेल कसा? एकाच ड्रममध्ये उरलेला भात, ओले टिश्यू, दुधाच्या पिशव्या आणि वर एक फुटका ग्लास.

माझं पुण्यात कोथरूडला अकरा टेबलांचं हॉटेल आहे. सकाळी पोहे-मिसळ, दुपारी थाळी. जे सांगते आहे ते इथलं. दुसऱ्या शहरात गाडीची वेळ आणि फी वेगळी असेल, बाकी फार फरक नाही.

पहिलं काम वजनाचं. भंगारवाल्याकडे असतो तसा लटकता काटा आणा आणि सात दिवस रोज रात्री ड्रम वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. रविवार धरून. माझा आकडा साध्या दिवशी ४० ते ४५ किलो, रविवारी ७० च्या पुढे. हे का करायचं, तर कायद्याची रेघ १०० किलोवर आहे. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा काढणारा तो मोठा कचरा निर्माता, त्याच्यावर जबाबदारी जास्त: नोंदणी करायची आणि ओला कचरा होईल तेवढा आपल्याच आवारात जिरवायचा. १ एप्रिल २०२६ पासून देशभर घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले, २०१६ चे मागे पडले. त्यात दिवसाला ४०,००० लिटर पाणी वापरणाराही याच गटात येतो. आपल्याला एवढं लागत नाही, मंगल कार्यालयवाल्यांनी मात्र मीटर बघावा.

आकडा हातात आला की तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई खात्याच्या चौकीत जा. फोन नको, स्वतः जा, आणि सकाळी लवकर. नंतर मुकादम फेरीवर निघतात. तिथे तीन गोष्टी विचारा: हॉटेलच्या ओल्या कचऱ्याची गाडी आपल्या गल्लीत किती वाजता येते, सुका कोण नेणार, आणि महिन्याची फी किती. फीची पावती फाइलला लावा. आरोग्य निरीक्षक आले की पहिली तीच मागतात.

आता डबे. नव्या नियमांत चार वर्ग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. हिरवा डबा ओल्याला, निळा सुक्याला, एवढं सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती डबे ठेवण्याच्या जागेत. लोक ते मागच्या दाराशी ठेवतात. कचरा वेगळा होतो तो ताट खरवडण्याच्या क्षणी, म्हणून डबे मोरीच्या कट्ट्याला लागून हवेत, पोराच्या डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. मी वर्षभर पोरांवर ओरडत होते. डबे तीन फूट सरकवले आणि ओरडणं संपलं.

ओल्या डब्यावर भोकाचं घमेलं ठेवा. कट, आमटी, ताक निथळून जाऊ द्या, पण ते पाणी ग्रीस ट्रॅपमधूनच, म्हणजे तेल-तूप अडवणाऱ्या पेटीतूनच जायला हवं. पहिल्या वर्षी मी तळणाचं उरलेलं तेल सरळ मोरीत ओतायचे. थंडीत ते गोठलं, ड्रेनेज तुंबलं, आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून जुनं तेल डब्यात साठवते आणि बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला विकते. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागत असेल तर त्याची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे.

नारळाच्या करवंट्या ओल्यात टाकू नका. बायोगॅसच्या प्रकल्पात त्या कुजत नाहीत, यंत्रात अडकतात. वेगळ्या पोत्यात भरा. चहाचा चोथा मात्र पहिल्या नंबरचा ओला कचरा. मी थोडा कुंड्यांना ठेवून घेते.

सुका कचरा कोरडा हवा. दुधाची पिशवी एक कोपरा कापून, विसळून, दोरीवर अडकवायची. कापलेला तुकडा पिशवीपासून सुटू द्यायचा नाही, तो गटारातच जातो. आमच्याकडे सुका न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताई येतात. खोकी, बाटल्या विकून येणारे पैसे त्यांच्या कमाईचा भाग आहेत. चांगला पुठ्ठा भंगारवाल्याला आणि खरकटे टिश्यू ताईंना, असला हिशोब करू नका.

फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' लिहा. बायकांच्या बाथरूममधलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. पुण्यात ही खूण ओळखतात. ट्यूबलाइट, सेल, जुनी औषधं विशेष काळजीच्या डब्यात. फरशी बदलताना निघालेला राडारोडा यातल्या कशातच बसत नाही. तो कचऱ्याच्या गाडीत चालत नाही, त्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात वेगळं विचारायचं.

आणि पार्सलच्या पातळ पिशव्या ठेवूच नका. २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पहिल्या वेळी ५,००० दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मी दारावर पाटी लावली आहे, 'रश्श्याला डबा घरून आणा, एक पाव जास्त मिळेल.' पहिल्या आठवड्यात दोनच डबे आले. आता रविवारी साडेनवापर्यंत कट्ट्यावर स्टीलच्या डब्यांची रांग लागते, आणि कोणाचं झाकण कोणाचं, यावरून भांडणं होतात.