‘कशी वाटली?’ विचारण्याआधी: पियानोची स्वतःची रचना ऐकवताना या चुका टाळा

रचना काल रात्री पूर्ण झाली, आज सकाळी दहा जणांना पाठवली आणि सोबत एकच प्रश्न: ‘कशी वाटली?’ उत्तरंही ठरलेलीच येतात. ‘छान’, ‘खूप शांत वाटलं’, एखादा अंगठा. मग तक्रार सुरू, की हल्ली कोणी नीट ऐकतच नाही. ऐकतात हो. पण ज्याचं उत्तर ‘छान’ असू शकतं असा प्रश्न विचारला, तर ‘छान’च येणार.

पण प्रश्नाकडे नंतर येऊ. त्याआधी लोकांच्या कानावर नेमकं काय पडलं ते पाहू, कारण बरेचसे अभिप्राय रचनेवर नसतातच.

फोन पियानोवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग

फोनचं रेकॉर्डर माणसाच्या आवाजासाठी बनलेलं असतं. हळू आवाज आपोआप वर ओढायचा आणि मोठा खाली दाबायचा, हे त्याचं काम. तुम्ही अगदी हळुवार वाजवलेली सुरुवात आणि गडगडाटी शेवट ऐकणाऱ्याकडे जवळपास एकाच पातळीवर पोहोचतात. तो प्रामाणिकपणे ‘एकसुरी वाटलं’ म्हणतो आणि तुम्ही चांगला लिहिलेला शेवट खोडत बसता.

फोन पियानोच्या लाकडावर ठेवू नका. हातोड्यांचे आणि पेडलचे धक्के थेट त्यात शिरतात. दीड-दोन मीटर लांब, स्टँडवर ठेवा. ग्रँड (आडवा पियानो) असेल तर झाकण उघडून उघड्या बाजूला, अपराइट (उभा) असेल तर वरचं झाकण उघडून. पातळी हाताने ठरवता येते असं ॲप घ्या. आधी रचनेतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बार (ठरावीक मात्रांचा तुकडा) वाजवा आणि त्याचं टोक ॲपच्या मीटरवर उणे ६ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान बसवा. मग दहा सेकंद काहीही न वाजवता रेकॉर्ड करा. पंखा, घड्याळ, फ्रिज, काय काय गुणगुणतंय ते तेव्हाच कळतं. फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह ठेवा आणि पाठवताना ३२० केबीपीएस एमपीथ्री करा. व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा.

आवाज लिमिटरने (टोकं दाबून एकूण आवाज वाढवणाऱ्या साधनाने) फुगवायचा मोह तर सोडूनच द्या. मोठ्या स्ट्रीमिंग सेवा गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास आणून ठेवतात. फुगवलेलं तिथे खाली येतं आणि तुमच्याकडे फक्त चेपलेला पियानो उरतो.

नोटेशन (स्वरलिपी लिहिण्याच्या) सॉफ्टवेअरचं प्लेबॅक ‘हीच माझी रचना’ म्हणून पाठवणाऱ्यांबद्दल एवढंच: सॉफ्टवेअरला हात नसतात. वाजवता येत नसेल तर निदान वेलॉसिटी (प्रत्येक स्वराचा जोर, १ ते १२७) हाताने बदला. मी डावा हात ४५ ते ५५ आणि मेलडी ७५ ते ८५च्या आसपास ठेवतो. क्वांटाइझ (स्वर तालाच्या रेघेवर आपोआप बसवणं) शंभर टक्के कधीच नाही.

खालच्या सप्तकात दाटीवाटी

‘रेकॉर्डिंग गढूळ आहे’ असं कोणी म्हटलं की माइकला दोष देण्याआधी डाव्या हाताकडे पाहा. मिडल सीच्या (पियानोच्या साधारण मधोमध असलेल्या सी स्वराच्या) दोन सप्तकं खालचा सी सुमारे ६५ हर्ट्झचा आणि त्याच सप्तकातला ई सुमारे ८२ हर्ट्झचा. फरक जेमतेम १७. इतके जवळचे खर्जातले स्वर कान सुटे करू शकत नाही, खरखर ऐकू येते. वरच्या सप्तकात गोड वाटणारी तीच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) इथे चिखल होते. ई एक सप्तक वर न्या, लगेच मोकळं वाटेल. मात्र सीपासून त्या ईपर्यंतचं अंतर पट्ट्यांवर सुमारे २१ सेंटिमीटर होतं आणि सगळ्यांचा पंजा तिथवर पुरत नाही. न पुरला तर खालचा स्वर आधी वाजवून स्वर लांबवणाऱ्या पेडलवर धरा, वरचा मागून.

पेडलची खोड याहून जुनी. नवी कॉर्ड दाबताना पाय वर यायला हवा आणि कॉर्ड वाजल्यावर लगेच खाली. हात आणि पाय एकदमच खाली गेले, तर मागच्या कॉर्डची शेपूट नवीत अडकते. फक्त डावा हात आणि पेडल वाजवून ऐका, चोर सापडतो.

‘लांब वाटली’ म्हटलं की कात्री

ही चूक सगळ्यात महाग पडते. एक रचना घ्या: ए मायनर, चार मात्रांचे ७२ बार, टेम्पो मिनिटाला ७२ मात्रा, म्हणजे बरोबर चार मिनिटं. डाव्या हातात ए मायनर, एफ, सी, जी या कॉर्डचं चक्र, अर्पेजिओच्या (कॉर्डचे स्वर एकामागून एक) एकाच साच्यात. अपवाद फक्त मधल्या १६ बारांचा. तिथे अर्पेजिओ थांबतो आणि डावा हात मेलडी घेतो. ऐकणारे चौघं म्हणतात, ‘जरा लांब वाटली.’ रचनाकार कापतो काय, तर तेच मधले १६ बार, कारण ते ‘वेगळे’ वाटतात. रचना ३ मिनिटं ७ सेकंदांवर येते. पुन्हा ऐकवतो, तर उत्तर: आता जास्तच लांब वाटते.

वाटणारच. श्वास घ्यायची एकमेव जागा कापली. चौघांनी दुखणं बरोबर सांगितलं होतं. औषध मात्र त्यांच्याकडे मागायचं नसतं आणि त्यांनी दिलं तरी घ्यायचं नसतं. इथे मधला भाग परत आणायचा, पहिल्या १६ बारांनंतर डाव्या हाताचा साचा मोडायचा, अर्पेजिओऐवजी धरलेल्या दोन-दोन स्वरांच्या कॉर्ड लावायच्या आणि शेवटच्या फेरीआधी एक बार डावा हात पूर्ण गप्प ठेवायचा. लांबी चार मिनिटंच राहते आणि ‘लांब’ हा शब्द सहसा येत नाही.

म्हणून विचारायचं ते असं: लक्ष कुठे उडालं, मिनिट-सेकंद सांगा. संपली असं चुकून कुठे वाटलं? नंतर डोक्यात काय घोळत राहिलं? बस, तीनच प्रश्न. कोणी १:४० म्हणालं, तर वरच्या टेम्पोला एक बार ३.३३ सेकंदांचा, म्हणजे ३१व्या बाराची सुरुवात. तिथे पेन्सिलने खूण करा, पण दुरुस्ती पाच-सहा बार मागे शोधा. माणसाला कंटाळा आल्याचं कळतं तोवर तो येऊन बराच वेळ झालेला असतो.

बाकीच्या, थोडक्यात

ऐकवण्याआधी कथा सांगणं. ‘ही पावसावर आहे’ म्हटलं की सगळ्यांना पाऊसच ऐकू येतो. फ्रेंच संगीतकार दब्यूसीने १९१० आणि १९१३ साली छापलेल्या आपल्या प्रील्यूड्सची (पियानोच्या छोट्या रचनांची) शीर्षकं प्रत्येक रचनेच्या शेवटी ठेवली. कथा तुम्हीही शेवटीच सांगा.

रचना पूर्ण झाल्या दिवशीच पाठवणं. आठवडाभर झाकून ठेवा, निम्म्या चुका स्वतःलाच ऐकू येतील.

फक्त पियानोवादकांना ऐकवणं. ते बोटं ऐकतात. फक्त घरच्यांना ऐकवणं. ते तुम्हाला ऐकतात.

अभिप्रायावर खुलासा देणं. ‘ते मुद्दाम तसं केलंय’ हे वाक्य लिहिलं असेल तर पाठवू नका. पुढच्या वेळी तो माणूस ‘छान’ म्हणून मोकळा होईल.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच पाच जणांना नवी फाइल पाठवणं. तिसऱ्या वेळी ते रचना ऐकत नाहीत, आधीचीशी ताडून पाहतात. सुरुवातीलाच दोन-तीन कान राखून ठेवा, पहिलं रूप त्यांना कळूही देऊ नका आणि शेवटचं रूप फक्त त्यांनाच, एकदाच ऐकवा.