नशीब काढायचं असेल तर आधी तोंड उघडा

बोटात नीलम, गल्ल्यात चांदीचं कासव, उंबऱ्यावर घोड्याची नाल. हे सगळं माझं करून झालंय. मध्यंतरी कुणीतरी पहाटे चारला उठून आरशासमोर 'मी यशस्वी आहे' असं एकवीस वेळा म्हणायला सांगितलं, तेही केलं. दिवसभर जांभया देत बसलो, एवढाच गुण आला. सोलापुरातल्या माझ्या टॉवेलच्या धंद्यात मला जी जी लॉटरी लागली, ती कुणाच्या तरी तोंडून लागली. कुणाला तरी नेमक्या वेळी माझं नाव आठवलं. ते आठवावं म्हणून काय करायचं, तेवढंच सांगतो.

पहिलं सोपं आहे. रोजचा रस्ता, रोजची टपरी आणि रोजचे चौघे आठवड्यातून एकदा सोडा. मी दर गुरुवारी घरी जायच्या आधी नवी पेठेत उतरतो. झालं.

दुसरं, नमुना जवळ बाळगा. माझ्या पिशवीत कायम एक नॅपकिन असतो. फोनमधला फोटो उपयोगाचा नाही. जाणकार गिऱ्हाईक टॉवेल हातात घेतं, चिमटीत धाग्याचा एक लूप धरून हळूच ओढतं आणि मगच भाव विचारतं. शिवणकाम करत असाल तर काजं केलेला एक तुकडा ठेवा, डबे देत असाल तर पुडीत दोन घास.

तिसरं म्हणजे सांगणं. इथे मी आठ महिने अडकलो होतो.

दोन माग विकायची पाळी आली होती. रोज संध्याकाळी पार्क चौकात चहाला जायचो. ओळखीचा कुणी भेटला की, "काय बे, कसं चाललंय?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "निवांत!" आपल्याकडे माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडाला तरी निवांतच असतो. त्यातल्याच एकाच्या मेव्हण्याचा पंढरपुरात लॉज. त्याने वारीच्या आधी परगावहून दोनशे टॉवेल मागवले. मला तीन महिन्यांनी कळलं. मी चिडलो, तर मित्र भाबडेपणाने म्हणाला, "तू टॉवेल करतोस? मला वाटलं चादरी." आठ महिने एका बाकावर बसून चहा प्यायलेला माणूस! चूक त्याची नव्हती.

मग सांगायला लागलो, पण तेही वाईट सांगायचो. "काही असेल तर बघा." असं म्हटलं की समोरचा "बघू, बघू" म्हणतो आणि खरंच काही बघत नाही, कारण काय बघायचं ते त्याला कळलेलंच नसतं. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय, किती आणि कुणाला. माझं वाक्य असं आहे: "तीस बाय साठचा टॉवेल करतो, वजन पाचशे ग्रॅम, रंग पक्का, पन्नास नगांपासून देतो. लॉज किंवा दवाखाना चालवणारं कुणी ओळखीचं आहे का?" शेवटचा प्रश्न बदलू नका. समोरच्याला काही विकत घ्यायचं नसतं, फक्त एक नाव आठवायचं असतं, म्हणून तो अवघडत नाही. नोकरी शोधणाऱ्याने म्हणावं, "टॅली येतं, जीएसटीचं काम दोन वर्षं केलंय. तुमच्या सीएंकडे माणूस लागतो का, विचाराल?"

हे वाक्य घरात मोठ्याने म्हणून बघा. माझा घसा कोरडा पडायचा. शेवटी पहिल्यांदा एका रिक्षावाल्याला म्हणून दाखवलं, कारण तो पुन्हा भेटणार नव्हता. सहाव्या-सातव्या माणसापर्यंत भीड गेली.

सांगायचं कुणाला? इथे सगळे चुकतात. आधी मेहुणा, मग चुलतभाऊ, मग जिवलग मित्र. माझ्या गल्लीत घरटी माग. त्यांना जे ठाऊक तेच मला ठाऊक. त्यांच्याकडून नवी बातमी येणार कुठून? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच दाखवलं. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर म्हणणारे शंभरात जेमतेम १७. अधूनमधून म्हणणारे सुमारे ५६ आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी म्हणणारे सुमारे २८.

वर्षातून एकदा भेटणारी माणसं आपल्याकडे संक्रांतीला आयती सापडतात. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर अर्धं सोलापूर लोटतं, आणि तिळगूळ घेऊन कुणाच्याही दारात गेलं तरी 'का आलास' असं कुणी विचारत नाही. जुने मास्तर, बदली होऊन गेलेला शेजारी, वडिलांच्या मिलमधले सोबती. मी दोन दिवसांत तीसेक घरं करतो. तिळगूळ आधी, खुशाली नंतर, वाक्य अगदी निघताना.

रडगाणं मात्र गाऊ नका. हप्ते थकल्याचं ऐकलं की लोक हळहळतात आणि तुमचं नाव पुढे सुचवायला कचरतात. त्याच माणसाला दोन महिन्यांच्या आत पुन्हा सांगू नका. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं समजू नका. शंभर जणांना एकदम सांगितलेलं कुणालाच सांगितलेलं नसतं.

एक मात्र आहे. 'नशीब तुमच्याच हातात' असं कुणी सरसकट म्हणालं की माझं डोकं फिरतं. सोलापूरच्या मिला बंद पडल्या तेव्हा घरंच्या घरं बसली, ती काही तोंड मिटून राहिल्यामुळे नव्हे. त्या तडाख्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी सांगतोय तो रोजच्या किरकोळ नशिबाचा.

चौथं, अनोळखी नंबरचा फोन उचला. दहातले नऊ कर्जवाले असतील, असू द्या.

पाचवं, ज्याने नाव सुचवलं त्याला आठवड्याच्या आत काय झालं ते कळवा, जमलं तरी आणि फिसकटलं तरी. हे बहुतेक जण विसरतात आणि तो माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. जमलं असेल तर हात हलवत जाऊ नका. पेढे घरोघरी पडून असतात. शेंगदाण्याची चटणी न्या, खलबत्त्यात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी. पंढरपूरच्या त्या लॉजवाल्याकडे पुढच्या वर्षी माझाच माल गेला. मेव्हण्याशी गाठ घालून देणाऱ्या त्या मित्राला मी अर्धा किलो नेली. त्याने पुडा उघडला, चव घेतली आणि म्हणाला, "आमच्या साडूचा अक्कलकोटला भक्तनिवासाजवळ लॉज आहे बे, बोलू का?"