बाळाच्या अंगाला काय लावू नये आणि घामोळं पावडरीशिवाय कसं घालवावं

बाळंतिणीच्या खोलीतल्या फळीवरचं सगळं सामान आधी चटईवर मांडा. तेल, साबण, शाम्पू, लोशन, पावडर, काजळ, वाइप्स, बारशाला आलेला गिफ्ट सेट. यातलं निम्म्याहून जास्त बाळाला लागतच नाही. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा, म्हणून अंगाला लावलेलं मोठ्यांपेक्षा त्याच्या शरीरात जास्त मुरतं. एक डबा टाकून दुसरा ‘चांगला’ आणण्यापेक्षा डबेच कमी करा, असं मी ठामपणे सांगते.

तेल साधं, बिनवासाचं खोबरेल. मोहरीचं नको, त्याने त्वचेचा वरचा थर बिघडतो. साबण आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. वाइप्स प्रवासात, घरी ओला सुती कपडा.

जे विकत घ्याल त्याचा डबा उलटा करून घटक वाचा. पुढच्या बाजूच्या ‘नॅचरल’, ‘माइल्ड’ला काही अर्थ नाही. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ दिसलं की परत ठेवा, त्या एका नावाखाली अनेक रसायनं येतात, कधी थॅलेट्सही, म्हणजे वास टिकवायला घालतात ती रसायनं. माल टिकावा म्हणून घातलेलं डीएमडीएम हायडँटॉइन नको, ते फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सोडतं. प्रोपिल आणि ब्यूटिल पॅराबेन, हीसुद्धा माल टिकवणारी रसायनं, तीही नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या मलमांत युरोपीय संघाने २०१४ मध्येच त्यांवर बंदी घातली.

आता पावडर. आपल्या खान्देशात सगळं अडतं ते इथेच, आणि मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, बाळाची मान आणि काखा लाल पुरळाने भरतात, आणि बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, “पोऱ्याले पावडर तं लाव व माय!”

घामोळं होतं ते घामाची छिद्रं तुंबल्यामुळे. त्यावर टाकलेली पावडर घामात कालवली जाते आणि मानेच्या वळीत भिजल्या कणकेसारखी चिकटून बसते. बोट फिरवून बघा, गुठळ्या हाताला लागतील. त्याहून वाईट म्हणजे पफ झटकल्यावर उडणारी धूळ, ती श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाते. बऱ्याच पावडरी ज्याच्या बनतात ते टाल्क हे खनिज जमिनीत अनेकदा ॲस्बेस्टॉस या कर्करोगकारक खनिजाच्या शेजारी सापडतं, म्हणून भेसळीची भीती आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. मक्याच्या पिठाची पावडर आणाल, तर धूळ तिचीही उडते. ‘थंडगार’ घामोळ्याची पावडर तर बाळाच्या जवळपासही नको. अशा काही पावडरींत बोरिक ॲसिड असतं, आणि ते तान्ह्या बाळाला विषारी आहे.

त्याऐवजी दुपारी साध्या कोमट पाण्याने, साबण न लावता अंग धुवा. बाळाला मांडीवर घ्या, हनुवटीखालची वळी बोटांनी उघडा आणि मलमलीच्या तुकड्याने टिपा. घासू नका. काखा, जांघा, गुडघ्यामागची वळी, सगळीकडे तसंच. मग थोडा वेळ उघडंच राहू द्या. उन्हाळ्यात मालिश सकाळी, अंघोळीच्या आधी, नंतर तेलाचा थेंबही नको. डायपर काढून सुती लंगोट बांधा. कूलरचा झोत भिंतीकडे वळवा. पुरळात पू दिसला किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरांकडे जा.

आजीला नुसतं ‘नको’ म्हणाल तर ती दुखावेल आणि तुमची पाठ वळली की डबा उघडेल. मलमलीचा तुकडा तिच्याच हातात द्या, वळ्या टिपायचं काम तिचं. तिच्याइतक्या निगुतीने ते दुसरं कोणी करत नाही.

काजळ डोळ्यात घालू नका, घरचं असलं तरी. बाजारच्या काजळ-सुरम्यात शिसं निघालेलं आहे, आणि बाळाच्या मेंदूला थोडंही शिसं बाधतं. दृष्टीसाठी तीट हवीच असेल तर झबल्याच्या पाठीवर लावा.

ट्रंकेतल्या गोधडीला डांबर गोळ्यांचा वास येत असेल तर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकल्याशिवाय ती बाळाला पांघरू नका. या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनच्या वाफेने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते.