सुपरहिरो कॉमिकच्या नव्या अंकाचं परीक्षण कसं लिहावं

बुधवारी नवा अंक आला की दोन दिवसांत त्यावर ढीगभर परीक्षणं येतात आणि बहुतेक एकाच साच्यातली असतात. आधी सहा परिच्छेद गोष्ट, मग ‘चित्रं अप्रतिम’, मग दहापैकी आठ गुण. असं परीक्षण अंक न उघडताही लिहिता येतं. गोष्ट कुणाकडून ऐकली की झालं. कॉमिक ही चित्रांतून सांगितलेली गोष्ट असते. तिच्या चित्रांची बोळवण एका विशेषणावर केली, तर चार-पाच डॉलर मोजून हा अंक घ्यावा की नाही, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? म्हणून या लेखातला मोठा भाग चित्रांबद्दल कसं लिहायचं यावर आहे. बाकीचं सोपं आहे.

अंक आणि पडदा

अमेरिकेत नवे अंक बुधवारी येतात. बॅटमॅनचे प्रकाशक डीसी यांनी २०२० मध्ये मंगळवार धरला होता, २०२४ मध्ये तेही बुधवारवर परतले. डिजिटल अंक त्याच दिवशी मिळतो. मार्व्हल अनलिमिटेडवर, म्हणजे मार्व्हल प्रकाशनाच्या वर्गणीच्या डिजिटल वाचनसेवेवर, तो साधारण तीन महिन्यांनी येतो. ताज्या अंकाच्या परीक्षणासाठी ते उपयोगाचं नाही, पण हात बसवायला उत्तम.

डिजिटल वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. एकेक चौकट मोठी करून दाखवणारा ‘गाइडेड व्ह्यू’ बंद करा. चित्रकाराने पान आखलेलं असतं. कुठली चौकट मोठी, कुठली चिंचोळी, कुठली कडेपर्यंत पसरलेली, हे सगळं पूर्ण पान समोर असतानाच दिसतं. फोनवर एकेक चौकट सरकवत वाचलेल्या अंकाच्या मांडणीबद्दल तुम्ही काहीही लिहू शकत नाही, कारण तुम्ही ती पाहिलेलीच नसते. टॅबलेट घ्या, आणि जोडपानाचं चित्र आलं की आडवा धरा.

दोनदा वाचा

पहिल्यांदा सरळ, काहीही टिपून न घेता. दुसऱ्यांदा हातात वही घेऊन.

दुसऱ्या वाचनाआधी श्रेयनामावली उतरवून घ्या: लेखक, चित्रकार, शाईकाम वेगळ्याने केलं असेल तर तो, कलरिस्ट (रंग भरणारा), लेटरर (फुग्यांतली अक्षरं लिहिणारा). मुखपृष्ठाचा चित्रकार पुष्कळदा आतल्या चित्रकारापेक्षा वेगळा असतो, तेव्हा एकाचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर घालू नका. व्हेरियंट मुखपृष्ठांना, म्हणजे त्याच अंकाच्या पर्यायी मुखपृष्ठांना, परीक्षणात जागाच देऊ नका, ती संग्राहकांसाठी असतात. मधल्या काही पानांवर दुसऱ्याच चित्रकाराचा हात असेल, तर तो कुठल्या पानापासून आहे तेही टिपा.

गोष्ट: चार ओळी, त्याहून जास्त नाही

प्रकाशकाने जाहिरातीत जे स्वतः सांगितलं आहे ते मोकळेपणाने सांगा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ सुरू झालं. त्यात ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, पिढीजात संपत्ती नाही, तो इंजिनिअर आहे, त्याची आई जिवंत आहे. ही त्या मालिकेची मांडणीच आहे, ती लपवून परीक्षण लिहिता येणार नाही. पण शेवटच्या पानावर कोण उभं आहे, हे कधीही सांगायचं नाही. ‘स्पॉयलर आहे, सांभाळून वाचा’ अशी पाटी लावून सांगणंही मला मान्य नाही. शेवटचं पान वाचकाने स्वतः उलटायचं असतं.

चित्रांबद्दल लिहिणं

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. गोष्टीबद्दल बोलायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. चित्रासमोर मात्र ‘भारी’, ‘जबरदस्त’, ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ यापुढे शब्द सुचत नाहीत. त्यावर सल्ला मिळतो तो चित्रकलेची पुस्तकं वाचण्याचा, शरीररचना आणि यथार्थदर्शन शिकण्याचा. हा सल्ला वाया जाणारा आहे. तुम्हाला चित्रकाराची परीक्षा घ्यायची नाहीये. या पानाने तुमच्या वाचण्याचं काय केलं, एवढंच सांगायचं आहे, आणि ते स्वतःचं वाचन नीट न्याहाळलं की सापडतं.

पूर्ण अंकाबद्दल लिहायला बसू नका. एक पान निवडा. पहिल्या वाचनात ज्या पानावर तुम्ही थांबलात, मागे गेलात, किंवा गोंधळलात, तेच पान. गोंधळलात ते पानही तितकंच कामाचं.

आता चौकटी मोजा. पोरखेळ वाटेल, पण मोजाच. एका पानावर किती चौकटी आहेत यावर वाचण्याचा वेग ठरतो, आणि अंकात तो आकडा कुठे बदलतो तिथे बहुतेक वेळा काहीतरी घडत असतं. ‘वॉचमेन’चे १२ अंक १९८६-८७ मध्ये आले. चित्रकार डेव्ह गिबन्सने ते तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींच्या जाळीवर उभे केले. कधी दोन चौकटी जोडल्या, कधी तीन, पण खालची जाळी हलत नाही. अकरा अंक डोळ्याला तिची सवय होते. बारावा अंक उघडला की सलग सहा पानं, प्रत्येक पानभर एकच चित्र: उद्ध्वस्त न्यूयॉर्क. संवाद नाही. तिथे जो धक्का बसतो तो नुसत्या दृश्याचा नाही. आधीच्या अकरा अंकांत ज्या शिस्तीत डोळा फिरत होता ती शिस्तच निघून गेलेली असते. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये (१९८६) हाच खेळ सोळा चौकटींच्या जाळीवर आहे. टीव्हीच्या पडद्यांच्या बारीक चौकटींत माणसं बडबडत राहतात, आणि मग एखादं अख्खं पान एकट्या बॅटमॅनला मिळतं. तो तिथे प्रचंड वाटतो, कारण आधीच्या पानांवर कुणालाच जागा मिळालेली नसते.

नव्या अंकातही हेच शोधायचं. ‘पाच पानं सहा-सहा चौकटी आहेत आणि सहाव्या पानावर दोनच’ असं वहीत लिहिलंत की विचारायचा प्रश्न आपोआप समोर येतो: तिथेच का? उत्तर मिळालं तर परीक्षणाचा कणा मिळाला. काहीच मिळालं नाही, मोठी चौकट नुसती पोझ दाखवायला वापरली असेल, तर तेही लिहा. सुपरहिरो कॉमिकमध्ये हा रोग जुना आहे. नायक छाती काढून उभा, मागे वीज, अर्धं पान खर्च, आणि गोष्ट जिथल्या तिथे.

दुसरं काम: संवादाचे फुगे अंगठ्याने झाका. डिजिटल असेल तर डोळे फुग्यांवरून उचलून नुसती चित्रं पाहत जा. मारामारीच्या पानांवर हे केलंच पाहिजे. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला फेकलं, भिंत कुठल्या बाजूची फुटली, हे शब्दांशिवाय कळतं का? कळत असेल तर चित्रकाराने आपलं काम चोख केलं आहे, मग त्याची रेघ कितीही साधी असो. कळत नसेल तर स्नायूंवरच्या शंभर रेघा आणि उडणाऱ्या काचा त्याला वाचवू शकत नाहीत. बारकावे भरपूर म्हणजे चित्र चांगलं, हा समज परीक्षणांतून हद्दपार व्हायला हवा. त्यामुळे साध्या रेघेत नेमकं सांगणारे चित्रकार वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतात आणि मला त्याचा खरंच राग येतो.

तिसरं: पान उलटण्याची जागा. छापील अंकात पहिलं पान उजवीकडे असतं, म्हणजे पान उलटल्यावर समोर येतं ते सम क्रमांकाचं पान. आश्चर्याचा धक्का तिथे ठेवला तरच तो धक्का. विषम पानावर ठेवला तर डाव्या पानाचं वाचन संपायच्या आत नजर तिकडे जाते. मधल्या जाहिरातींमुळे हे गणित सरकतं, म्हणून जमल्यास छापील अंक हातात घेऊन पाहा. विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणी दार उघडताना दिसलं, की लेखक आणि चित्रकाराने मिळून केलेली आखणी तुमच्या लक्षात येईल.

एवढं झालं की वाक्य लिहायला घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: चित्रकाराने काय केलं, पानावर ते कुठे दिसतं, आणि वाचताना त्याने काय झालं. निक ड्रॅगोटा हा वर सांगितलेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा चित्रकार. ‘निक ड्रॅगोटाची चित्रं दमदार आहेत’ हे वाक्य कुठल्याही अंकाला चिकटवता येतं, म्हणून ते खोडा. त्याऐवजी: ‘ड्रॅगोटाचा बॅटमॅन दाराएवढा रुंद आहे. छातीवरचं वटवाघूळ काढून तो कुऱ्हाडीचं पातं म्हणून वापरतो. ब्रूसची श्रीमंती लेखकाने काढून घेतली, तिचं वजन चित्रकाराने त्याच्या अंगावर चढवलं, आणि म्हणून तो अंधारातून येतो तेव्हा गुंडांच्या आधी आपण मागे सरकतो.’ हे पटेल किंवा पटणार नाही, पण यावर वाद तरी घालता येतो.

रंग आणि अक्षरं

परीक्षणांत कलरिस्टचं नाव येतच नाही, आलं तर कंसात. रंग किती काम करतात याची खात्री करून घ्यायची असेल तर बॅटमॅन आणि त्याचा शत्रू जोकर यांच्या ‘द किलिंग जोक’च्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. १९८८ च्या मूळ आवृत्तीत जॉन हिगिन्सचे रंग आहेत, झगझगीत आणि आजारी वाटावेत असे. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः सगळं पुन्हा रंगवलं. जोकरच्या आठवणींची पानं जवळजवळ करडी केली आणि त्यांत एखादीच वस्तू लाल ठेवली, तीही पुढे पुढे वाढत जाणारी. रेघ जवळजवळ तीच, संवाद तेच. पण मूळ आवृत्तीत त्या आठवणी एखाद्या दुःस्वप्नासारख्या अंगावर येतात, नव्या आवृत्तीत त्या थंड आणि दुःखी होतात. मला स्वतःला हिगिन्सचे रंग जास्त पटतात, कारण जोकरच्या डोक्यात नेटकं काहीच असू नये. तुम्हाला उलटं वाटेल. दोन्ही पाहिल्यावर ‘रंग छान आहेत’ असं मात्र तुम्ही पुन्हा लिहिणार नाही.

लेटररबद्दल एक ओळ पुरते: फुग्यांचा क्रम चुकून उलटा वाचला गेला का, आणि मोठे ध्वनिशब्द चित्राच्या आड आले का.

लेखन

इथे बहुतेकांचा हात चालतोच, म्हणून फक्त दोन गोष्टी. एक, हा अंक एकटा उभा राहतो का ते सांगा. पाच-सहा अंकांचं पुस्तक निघणार म्हणून अर्धी गोष्ट देऊन अंक संपवणं हे लेखनातलं दुबळेपण आहे, ते चालवून घेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये लेखक जोनाथन हिकमनने दोन अंकांच्या मध्ये गोष्टीतही आपल्याइतकाच, म्हणजे साधारण महिन्याचा, काळ जाऊ दिला. त्यामुळे प्रत्येक अंकाला स्वतःचा प्रसंग लागतो, आणि पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन), त्याची बायको मेरी जेन आणि मुलं यांचं मधल्या काळात काय झालं ते आपण ताडत बसतो. अशी युक्ती दिसली की ती नीट उलगडून सांगा. दोन, जुन्या अंकांच्या संदर्भांची यादी देऊ नका. नव्या वाचकाला गोष्ट कळेल की नाही, एवढंच सांगा.

आपल्याकडच्या परीक्षकांवर एक जास्तीची जबाबदारी आहे. मुंबईतला स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, २००४ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याची पाच अंकांची मालिका पुन्हा निघाली. असा अंक हातात आला की पार्श्वभूमी भिंग लावून पाहा. चाळीचा जिना, लोकलचा डबा, दुकानांच्या पाट्या, गर्दीतली माणसं: हे पाहून काढलं आहे की कुठल्याही गरम देशाचं शहर काढून वर मुंबई लिहिलं आहे? न्यूयॉर्कच्या परीक्षकाला हे दिसणार नाही. आपल्याला पहिल्या नजरेत दिसतं, तेव्हा ते लिहायलाच हवं.

निकाल

गुण द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी ठरवा आणि मजकुराशी ताडून पाहा. चार तक्रारी करून आठ गुण देणारी परीक्षणं कुणी गांभीर्याने घेत नाही. मी गुण देत नाही. घ्या, थांबा किंवा सोडा, यांपैकी एक शब्द लिहिते. ‘थांबा’ म्हणजे पुस्तकरूपात येईल तेव्हा घ्या.

मग मित्रमंडळींत चर्चा होणार, कुणीतरी ‘तुला कळलाच नाही अंक’ म्हणणार. अशा वेळी आपलं म्हणणं लांबवत बसू नका, पान क्रमांक सांगा. ‘चौदावं पान, खालची चौकट, फुगे झाकून पाहा.’ समोरच्याने ते पान उघडलं की बोलणं आवडी-निवडीवरून चित्रावर येतं, आणि कधी कधी त्याला तिथे असं काही दिसतं जे तुमच्या नजरेतून सुटलेलं असतं. तसं झालं तर परीक्षणात त्याच्या नावानिशी भर घाला.