मॅप दारातच अडवा: फ्लटरला नवीन असणाऱ्यांसाठी

फ्लटर, म्हणजे डार्ट भाषेत अ‍ॅप बनवायचं साधन, शिकणारी मुलं स्क्रीन झटपट बनवतात. अडतात ती एपीआयचा, म्हणजे सर्व्हरकडून येणारा, डेटा हातात आल्यावर. तो येतो जेसन या मजकुराच्या रूपात. जेसन डिकोड केलं की मिळतो मॅप, म्हणजे की आणि व्हॅल्यूंच्या जोड्या, आणि त्यातली प्रत्येक व्हॅल्यू डायनॅमिक, म्हणजे टाइप न ठरलेली. तो तसाच स्क्रीनपर्यंत नेला तरी अ‍ॅप चालतं, खरी पंचाईत तीच आहे. कीचं स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर चूप, आणि स्क्रीनवर नल. म्हणून टीममध्ये नवीन आलेल्याला मी आधी मॉडेल क्लास, म्हणजे प्रत्येक फील्डचं नाव आणि टाइप पक्का असलेला क्लास, लिहायला बसवते.

सगळी फील्ड फायनल, म्हणजे एकदा भरली की परत न भरता येणारी, केली की पहिली एरर ठरलेली. कन्स्ट्रक्टरच्या बॉडीत त्यांना व्हॅल्यू देता येत नाही, कारण बॉडी सुरू होण्याआधीच ती भरलेली असावी लागतात. बॉडीच्या आधी येणाऱ्या इनिशियलायझर लिस्टमध्ये भरा किंवा फॅक्टरी कन्स्ट्रक्टर लिहा. मला फॅक्टरी बरी वाटते: मॅप नीट तपासायचा, काही खटकलं तर तिथेच एक्सेप्शन फेकायचं, आणि मगच ऑब्जेक्ट बनवायचा.

किमतीचं फील्ड हमखास रडवतं. सर्व्हर आज 99.5 पाठवतो, उद्या नुसते 100. हे 100 डिकोड होतात इंट (पूर्णांक) म्हणून, आणि डबलमध्ये (दशांश संख्येत) कास्ट करताना अ‍ॅप आपटतं. क्रोममध्ये मात्र सगळं सुरळीत, कारण जावास्क्रिप्टमध्ये इंट-डबल हा भेदच नाही! तेव्हा आधी नम (इंट आणि डबल दोन्ही चालणारा टाइप) म्हणून घ्या, मग टू-डबल करा. आणि फोनवर चालवून बघा.

लिस्टचं फील्ड फायनल असलं तरी आतल्या लिस्टमध्ये कोणीही अ‍ॅड करू शकतं. लिस्ट डॉट अनमॉडिफाएबल वापरा. ते वेगळी प्रत बनवतं. अनमॉडिफाएबल-लिस्ट-व्ह्यू नुसता पडदा आहे, मूळ लिस्ट बदलली की तिथेही बदल दिसतो.

2023 च्या डार्ट 3 पासून इफ-केसमध्ये मॅपचा पॅटर्न लिहून की आणि टाइप एकदमच तपासता येतात. छोट्या मॉडेलला झकास. पंधरा-वीस फील्ड असतील तर मी टाळते, नेमकं कुठलं फील्ड चुकलं ते त्यात कळत नाही.

हे सगळं हाताने लिहायचं का? सुरुवातीची दोन-चार मॉडेल्स, हो. पुढे हा कोड आपोआप बनवणारं जेसन-सीरियलायझेबल पॅकेज लावा, पण त्याने बनवलेली फाइल उघडून वाचा. टू-डबल तिथे सापडेल. लिस्ट मात्र साध्या टू-लिस्टने बनलेली, म्हणजे बदलता येणारीच. तीही बंद हवी असेल तर फ्रीझ्ड हे पॅकेज घ्या.