दर्याकाठच्या जुन्या रस्त्यावर वाचनालय बांधताय? आधी पावसात उभं राहून बघा

गोव्याला वाचनालय नवीन नाही, पणजीचं सेंट्रल लायब्ररी १८३२ सालचं आहे, आज ते कृष्णदास शामांच्या नावाने पणजीतल्याच पाटो भागात मोठ्या इमारतीत आहे. पण गावातल्या दर्याकाठच्या रस्त्यावर, जुन्या घरांच्या ओळीत छोटं वाचनालय बसवायचं तर हिशोब वेगळा.

सुरुवात जुलैत करा. टेप आणि वही घेऊन रस्त्यावर जा, शेजारच्या पाच-सहा घरांचं जोतं किती उंच, पावळी म्हणजे छपराची बाहेर आलेली कड कुठवर येते, दोन खिडक्यांत अंतर किती ते मोजा, आणि मुख्य म्हणजे पावसाची सर कुठून तिरकी येते ते बघा. तुमची दर्शनी भिंत या मापांत बसली की कमानी, खांब, नक्षी यांची खोटी सजावट करावीच लागत नाही. रंगाचंही तसंच, पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वस्तीतली घरं बघा, पिवळी, निळी, गेरूची आणि कडा तेवढ्या पांढऱ्या.

परवानग्यांचं आधीच विचारून घ्या. सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या आधीच बांधकामं झालेल्या पट्ट्यात, जागा असेल तर असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. रिकामं जुनं घर मिळत असेल तर माझं मत, तेच घ्या.

पण मग वजन बघा, इथेच लोक फसतात. घराच्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला निदान ६००, म्हणजे तिप्पट. त्यामुळे लाकडी माडीवर कपाटं अजिबात नकोत, पुस्तकं खाली, उंच जोत्यावर, आणि वर वाचायला टेबलं, तेही माडीचे वासे इंजिनियरने तपासल्यावरच. नवीन काँक्रीट घालणार असाल तर खाऱ्या फवाऱ्याच्या टप्प्यात एम-३५ दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, यात काटकसर नको, सळी गंजली की स्लॅब फुगून फुटतो.

आता दमट हवा. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका, चुन्याचा गिलावा करा, भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मी एका वाचनालयात श्रावणात भिंतीला टेकलेल्या कपाटातून एक कादंबरी ओढली तर मागचा पुठ्ठा भिंतीलाच चिकटून राहिला आणि हातात पांढऱ्या बुरशीची पानं आली, तो वास अजून नाकात आहे. समोरासमोर खिडक्या हव्यात म्हणजे वारा आरपार जातो, पण जुने दुर्मीळ ग्रंथ असतील तर त्यांना वेगळी बंद खोली, हवेतली ओल खेचणारा डीह्युमिडिफायर आणि दिवस-रात्र चालणारी वीज. दर्याकडच्या खिडक्यांना दुधी काच लावा, जुन्या शिंपल्यांच्या खिडक्यांतून यायचा तसाच मऊ उजेड येतो आणि टेबलावर लख्ख चटका पडत नाही.

आणि बाल्कांव, म्हणजे दारासमोरची छपराची ओसरी. हा कापून आत एक खोली वाढवायचा मोह होईल, करू नका. दोन्ही बाजूंना सोपो, म्हणजे बांधीव बाक, बसायची उंची साधारण ४५ सेंटीमीटर, पाठ टेकायला भिंत आणि पावळी एवढी बाहेर की सर तिथवर पोचू नये. आमचे आजोबा असेच सोप्यावर पेपरची चौघडी घालून वाचायचे, पाऊस हातभर अंतरावर पडत असायचा. पेपर-मासिकांचा स्टँड तिथेच, दाराबाहेर ठेवा, बाजारातून येणारी बाई पिशवी खाली ठेवून दोन मिनिटं वाचेल, तिला चपला काढून आत यायला लावू नका.